अणुस्फोटाच्या जागी ड्युटी केलेल्या सैनिकांना मान्यता: जपान १९४६ आणि पोखरण १९९८, दोन प्रकरणं

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. नाशिक रोड आणि देवळाली भागातल्या माजी सैनिकांचे व त्यांच्या वारसांचे अर्ज भरून देण्याचं काम आम्ही काही जण करतो. स्पर्श पोर्टल (संरक्षण पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल), कौटुंबिक पेन्शन, नावातली दुरुस्ती ही रोजची कामं. सध्या मात्र दोन प्रकरणं अशी आली आहेत की त्यांना कोणता नियम लावायचा तेच कळत नाही.

पहिलं निफाड तालुक्यातलं. आजोबा १९४३ला भरती, १/५ मराठा लाइट इन्फंट्री, १९४६-४७ला पलटणीबरोबर जपानमध्ये, १९४७ला घरी. पेन्शन नव्हती. आजोबा गेले, आजी हयात आहेत. नातवाचं म्हणणं असं की ब्रिटनने अणुचाचणीतल्या सैनिकांना पदक दिलं, अमेरिका पैसे देते, आणि आजोबा तर हिरोशिमाच्या बाजूला होते. मग आपल्याला का नाही?

दुसरं सिन्नरचं. इंजिनिअर्समधले निवृत्त हवालदार. १९९८ला पोखरण रेंजवर शाफ्टच्या, म्हणजे चाचणीसाठी खणलेल्या खोल उभ्या खड्ड्याच्या कामावर होते. २००३ला निवृत्त. २०२१ला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींचा कर्करोग) निघाला, उपचार चालू आहेत. रिलीज मेडिकल बोर्डात (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत) काहीच नोंद नाही, कारण तेव्हा काही नव्हतंच.

दोन्ही घरांना खोटी आशा दाखवायची नाही आणि हक्काचं काही असेल तर ते सोडायचंही नाही. बाहेरच्या देशांत नेमकं कुणाला आणि कशाच्या जोरावर मिळतं? आपल्याकडे काय लागू होतं? आणि कागद कुठून काढायचे? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

पलटण_इतिहास

आधी एक फरक पक्का करून घ्या, म्हणजे नातवाशी बोलणं सोपं जाईल. पदक, एकरकमी रक्कम आणि पेन्शन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक देशाने त्या वेगवेगळ्या दारांनी दिल्या आहेत. एक मिळालं म्हणून दुसरं मिळत नाही.

ब्रिटनचं न्यूक्लिअर टेस्ट मेडल नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर झालं. ब्रिटनची पहिली चाचणी ३ ऑक्टोबर १९५२ची, ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटेबेलो बेटांवरची. तिला तेव्हा ७० वर्षं झाली होती. पदकासाठी अट एवढीच की १९५२ ते १९६७ या काळात ब्रिटनच्या हवेतल्या अणुचाचण्यांच्या जागी, म्हणजे माँटेबेलो, एमू फील्ड, मारालिंगा, मॉल्डन बेट, ख्रिसमस बेट इथे, तयारी, चाचणी किंवा नंतरची साफसफाई यांपैकी कशावर तरी ड्युटी केलेली असावी. १९६२ला ख्रिसमस बेटावर अमेरिकेने केलेल्या चाचण्यांत ब्रिटिश कमांडखाली असलेलेही त्यात येतात. किती किरण लागले, आजार झाला का, हे विचारलं जात नाही. सैनिक हयात नसेल तर जवळचा वारस अर्ज करू शकतो. साधारण २२,००० ब्रिटिश सैनिक व कर्मचारी या चाचण्यांत होते, आणि पदक आलं तेव्हा त्यातले बहुतेक हयात नव्हते. पदकाबरोबर पैसे नाहीत. पैशासाठी तिथली वॉर पेन्शन वेगळी. तिच्यात नोकरी सोडल्यापासून ७ वर्षांच्या आत दावा केला तर 'सेवेमुळे नाही' हे सरकारने सिद्ध करायचं, आणि ७ वर्षांनंतर केला तर वाजवी शंका निर्माण होईल इतका विश्वासार्ह पुरावा सैनिकाने आणायचा. नुकसानभरपाईसाठी हजारावर लोक कोर्टात गेले होते. २०१२ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी मुदतीच्या मुद्द्यावर त्यांना परत पाठवलं.

अमेरिकेची रचना जास्त उपयोगाची आहे, पण आपल्याला ती अर्ज करण्यासाठी नाही, दाखला म्हणून हवी. १९८८च्या कायद्याने तिथे 'गृहीत धरणं' आलं: ठरावीक काळात ठरावीक जागी सैनिक होता आणि यादीतला कर्करोग झाला, की तो सेवेमुळेच झाला असं धरतात. डोसचा हिशोब मागत नाहीत. यादीत २१ कर्करोग आहेत आणि मल्टिपल मायलोमा त्यात आहे. यादीबाहेरचा आजार असेल तर मात्र डोसचा अंदाज काढून दावा तपासतात. शिवाय १९९०चा रेका कायदा एकरकमी रक्कम देतो. चाचणीच्या जागी हजर असलेल्यांना पूर्वी ७५,००० डॉलर होते. कायदा जून २०२४ला संपला आणि जुलै २०२५ला परत आला, आता १,००,००० डॉलर, अर्जाची मुदत ३१ डिसेंबर २०२७. हे सगळं अमेरिकेच्या सेवेतल्यांसाठी.

कॅनडाने २००८ला सगळ्यात सरळ मार्ग धरला: मित्रदेशांच्या चाचण्यांत किंवा चॉक रिव्हर अणुभट्टीच्या अपघातानंतरच्या साफसफाईत जे सैनिक होते त्यांना २४,००० कॅनडियन डॉलर, आजार असो वा नसो. फ्रान्सचा २०१०चा कायदा जागा, काळ आणि आजारांची यादी अशा तीन कसोट्या लावतो. मायलोमा त्या यादीतही आहे. न्यूझीलंडने २००२ला वेगळं पदक काढलं. रशियात १९५४च्या तोत्स्कोये सरावातल्या, म्हणजे खरा अणुबॉम्ब फोडून घेतलेल्या लष्करी सरावातल्या सैनिकांना 'विशेष जोखीम तुकड्या' म्हणून १९९१च्या अखेरीस चेर्नोबिल अणुअपघातवाल्यांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. त्या सरावात सुमारे ४५,००० सैनिक उतरवले होते.

आता निफाडचे आजोबा. ती पलटण म्हणजे जंगी पलटण, नामदेव जाधवांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच. जपानला ती २६८ इंडियन इन्फंट्री ब्रिगेडमध्ये गेली. ब्रिगेडिअर थिमय्या कमांडर, पुढे जे लष्करप्रमुख झाले. हरलेल्या जपानचा ताबा सांभाळणारी ब्रिटिश कॉमनवेल्थ फौज उतरायची कुरे बंदरात, आणि कुरे हिरोशिमा जिल्ह्यातच आहे. पण भारतीय ब्रिगेडकडे ओकायामा, शिमाने, तोत्तोरी हे भाग होते. खुद्द हिरोशिमा जिल्हा ऑस्ट्रेलियन तुकड्यांकडे होता.

म्हणून स्पष्ट सांगतो. ब्रिटनचं पदक मिळणार नाही, कारण ते चाचण्यांसाठी आहे आणि त्याचा काळ १९५२पासून सुरू होतो. हिरोशिमा-नागासाकीत ६ ऑगस्ट १९४५ ते १ जुलै १९४६ या काळात असलेल्यांना अमेरिका धरते, पण फक्त स्वतःच्या सैनिकांना. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१७पासून जपानमधल्या फौजेतल्या आपल्या माणसांना सगळ्या आजारांवरच्या मोफत उपचाराचं गोल्ड कार्ड दिलं, तेही त्यांच्याच लोकांना. त्याच फौजेत, त्याच बंदरात उतरलेल्या मराठा जवानाचं नाव यातल्या कुठल्याच यादीत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. पण त्यावर परदेशी फॉर्म भरून उपयोग नाही. मागणी करायची तर ती आपल्या संरक्षण मंत्रालयाकडे, आणि एकट्या घराने करण्यापेक्षा त्या ब्रिगेडमधल्या अनेक घरांनी मिळून.

जुना_हेडक्लार्क

कागदांचं मी सांगतो.

नाशिकमध्ये लोक हमखास नाशिक रोड कॅम्पला आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे अर्ज टाकतात. जवळ आहे म्हणून. तिथे फक्त तोफखान्याचं मिळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. सॅपरचं, म्हणजे इंजिनिअर्सच्या जवानाचं, त्याच्या ग्रुपप्रमाणे: बॉम्बे ग्रुपचं खडकी, मद्रासचं बेंगळुरू, बंगालचं रुडकी. हवालदारसाहेब मराठी आहेत म्हणून खडकीच असेल असं धरू नका, डिस्चार्ज बुक उघडून बघा. चुकीच्या ऑफिसला गेलेला अर्ज पुढे पाठवतात खरा, पण त्यात महिने जातात.

निफाडच्या आजोबांना पेन्शन नव्हती, इथेच खरी अडचण आहे. पेन्शन नसलेल्याचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. म्हणजे शीट रोल (सैनिकाच्या सेवेची नोंदपत्रिका) बहुधा १९७०च्या दशकातच गेला असणार. घरच्यांनी 'पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड द्या' असा अर्ज केला की उत्तर येतं, 'कागद नियमानुसार नष्ट केले'. लोक तिथेच थांबतात. थांबू नका. लाँग रोल नावाची मोठी नोंदवही कायम जपतात. त्यात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण असतं. अर्जात स्पष्ट लिहा: 'लाँग रोलचा साक्षांकित उतारा मिळावा.' हे शब्द नसतील तर तो मिळत नाही.

नंबर माहीत नसेल तर आधी पदकं बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवर कडेला नंबर, नाव, पलटण बारीक कोरलेलं असतं. भिंग घेऊन तिरप्या उजेडात वाचा, आणि ब्रासो लावून घासू नका, अक्षरं उडतात. स्पेलिंगचा घोळ ठरलेला. जुन्या रोलमध्ये नाशिक जिल्हा जुन्या इंग्रजी वळणाने, मधला एच नसलेला. पलटणीच्या नावात 'मराठा'चं स्पेलिंग एच आणि दोन टी घालून. गावाचं नाव भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. आडनाव कधी आहे, कधी नाही. म्हणून अर्जात नावाची तीन-चार स्पेलिंगं द्या, वडिलांचं नाव द्या, आणि गावाबरोबर जुना तालुका लिहा. मयत दाखला, वारस दाखला आणि आजींचं ओळखपत्र जोडा.

साधा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपये फी, ३० दिवस, नंतर त्याच ऑफिसच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. फक्त आपल्या माणसाची माहिती मागा. 'जपानला गेलेल्या सगळ्यांची यादी द्या' असं त्याच अर्जात घातलंत की अख्खा अर्ज अडकतो.

लाँग रोलमध्ये जपानचा उल्लेख असेलच असं नाही. पण या तारखांना माणूस १/५ मराठामध्ये होता हे तिथून, आणि त्या तारखांना १/५ मराठा जपानमध्ये होती हे इतिहासाच्या कागदांतून, असे दोन दुवे जोडले की हजेरी सिद्ध होते. त्या फौजेची कागदपत्रं कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत, आणि आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग दिल्लीत आहे.

कागद हरवतात ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही, हेही घरच्यांना सांगा. अमेरिकेत १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड इमारतीला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या आर्मीवाल्यांपैकी ८० टक्के त्यात होते. अणुचाचण्यांतले कितीतरी सैनिक त्यातलेच. तिथेही पगारपत्रकं, आदेश, हॉस्पिटलच्या नोंदी असे इतर कागद जोडूनच हजेरी ठरवावी लागली.

मिलिसिव्हर्ट

किरणोत्साराच्या बाजूने दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. एकाच फाइलमध्ये ठेवू नका.

जपान: हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे जमिनीवर फुटणाऱ्या बॉम्बसारखी जड किरणोत्सारी धूळ तिथेच खाली बसली नाही. न्यूट्रॉनमुळे माती आणि लोखंडात जे किरणोत्सारी पदार्थ तयार झाले ते बहुतेक अल्पायुषी: मँगेनीज-५६चं अर्धायुष्य अडीच तासांच्या आसपास, सोडियम-२४चं १५ तास. भारतीय ब्रिगेड १९४६च्या वसंतात आली, म्हणजे सात-आठ महिन्यांनी. अमेरिकेने तिथल्या आपल्या सैनिकांसाठी काढलेला अंदाज जास्तीत जास्त १ रेमच्या आत आहे, म्हणजे १० मिलिसिव्हर्टपेक्षा कमी (दोन्ही किरणांचा डोस मोजायची एककं). पोटाच्या एका सीटी स्कॅनला साधारण तेवढा डोस लागतो. ओकायामाला तैनात असलेल्याचा त्याहून कमीच. म्हणून आजोबांच्या अर्जात 'किरणांमुळे मृत्यू' असं लिहू नका. सेवेची मान्यता मागा, ती भक्कम आहे. नातवाला स्वतःच्या तब्येतीची धास्ती असेल तर त्याला सांगा की खुद्द हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांचा दशकानुदशकं अभ्यास झाला आहे आणि त्यात आनुवंशिक आजार वाढल्याचं दिसलेलं नाही.

पोखरण: भारताच्या सगळ्या चाचण्या भूमिगत. १८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८. शाफ्ट खणताना बॉम्ब फुटलेला नसतो, तेव्हा त्या खणण्यात बॉम्बचे किरण नाहीत. म्हणून हवालदारसाहेबांना पहिला प्रश्न हा विचारा: ११ मेच्या दुपारी ३.४५नंतर तुम्ही कुठे होता आणि काय केलंत? खड्ड्याजवळ गेलात का? माती हलवली का? खडकाचे नमुने काढण्याच्या ड्रिलिंगजवळ होता का? छातीला किरण मोजणारा बॅज लावला होता का, आणि तो परत कुणी घेतला? बाहेर येताना बुटांवर किरण मोजायचा मीटर फिरवला का, अंघोळ करायला लावली का, कपडे काढून घेतले का? शेवटचे तीन प्रश्न फार महत्त्वाचे. मीटर फिरवला म्हणजे त्या जागेला कुणीतरी नियंत्रित क्षेत्र मानलं होतं, आणि मग त्याची नोंदवहीही असते.

बॅज मिळाला असेल तरी तो सगळं सांगत नाही. फिल्म किंवा टीएलडी बॅज बाहेरून शरीरावर पडलेले किरण मोजतो. श्वासातून किंवा तोंडातून आत गेलेली धूळ त्यात दिसत नाही. त्यासाठी लघवीची तपासणी किंवा संपूर्ण शरीराची मोजणी लागते. पॅसिफिक आणि अमेरिकेतल्या नेवाडाच्या चाचण्यांतल्या सैनिकांचा वाद इथेच अडला: सगळ्यांना बॅज नव्हते, आणि ज्यांना होते त्यांचे आकडे आतल्या डोसबद्दल गप्प होते.

लोक दुसरी एक तपासणी सुचवतील: रक्तातल्या गुणसूत्रांची फिश तपासणी. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठाने ख्रिसमस बेटाजवळच्या नौसैनिकांवर ती केली होती. हजार पेशींमागे सैनिकांत गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या २९ अदलाबदली निघाल्या, तुलनेच्या गटात १०. पण या रुग्णाला तिचा उपयोग नाही. केमोथेरपीनेही गुणसूत्रं तुटतात, वयाने आणि धूम्रपानानेही तुटतात. केमो झालेल्या माणसाच्या अहवालाला कुणीही खोडून काढेल. त्यावर पैसे घालवू नका.

एक गोष्ट मात्र हमखास बघा. शाफ्ट खणणाऱ्याला दगडाची बारीक धूळ लागते. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) करून घ्या. सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) निघाला तर त्याचा मायलोमाशी संबंध नाही, पण तो खोदकामामुळे होणारा आजार आहे आणि त्याचा दावा वेगळा उभा राहतो.

दारणाकाठ

भूमिगत चाचणीतून काही बाहेर येतच नाही ना? मग १९९८वाल्यांना दावा करायला जागा तरी आहे का?

मिलिसिव्हर्ट

बहुतेक वेळा येत नाही. १९७४च्या आणि १९९८च्या चाचण्यांत किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही अशीच आपली अधिकृत भूमिका आहे. पण 'भूमिगत म्हणून अशक्य' हे विधान चूक. १ मे १९६२ला अल्जेरियात फ्रान्सच्या बेरिल चाचणीत बोगद्याचं बूच टिकलं नाही, ढग बाहेर आला आणि सैनिकांबरोबर खुद्द संरक्षणमंत्री त्यात सापडले. नेवाडात १८ डिसेंबर १९७०ला बेनबेरी चाचणीत जमिनीला भेग पडून वायू आणि धूळ उसळली. साधारणपणे आधी झेनॉन आणि आयोडीनसारखे वायुरूप पदार्थ वर येतात; झेनॉन-१३३चं अर्धायुष्य पाच दिवस, आयोडीन-१३१चं आठ.

आणि कायद्यात दाखला आहे. अलास्कातल्या अम्चिटका बेटावरच्या तीन भूमिगत चाचण्यांच्या कामात किरणांशी संपर्क आलेले सैनिक अमेरिकेने 'गृहीत धरण्याच्या' यादीत घेतले आहेत. भूमिगत चाचणीवाल्यांनाही मान्यता देता येते, एवढं त्यावरून म्हणता येईल. पोखरणला गळती झाली असं त्यावरून म्हणता येणार नाही. अर्जात हे दोन मुद्दे मिसळू देऊ नका.

सिन्नरफाटा

फार मोलाची माहिती. हवालदारसाहेबांना सगळे प्रश्न विचारले. स्फोटानंतर ते काही आठवडे तिथेच होते, बाहेरच्या कुंपणावर पहारा आणि नंतर सामानाची आवराआवर. बॅज नव्हता. बुटांवर मीटर फिरवलेला त्यांना आठवतो, पण कुठल्या दिवशी ते नाही. बरोबरचे दोघे जण संपर्कात आहेत. गुप्ततेची भीती वाटते, काय लिहायचं आणि काय नाही? आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज टाकायचाच का?

जुना_हेडक्लार्क

भीती रास्त आहे, ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट निवृत्तीनंतरही लागू असतो. पण आपल्या अर्जाला त्यातलं काही लागत नाही. लिहायचं एवढंच: नंबर, हुद्दा, युनिट, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पोखरण रेंजवर ड्युटी, ड्युटीचा प्रकार 'खोदकाम', 'पहारा', 'सामान आवरणे'. शाफ्टची खोली, जागा, नकाशा, तिथे कोण आलं-गेलं, यंत्रं कुठली, हे काही नाही. फोटो असतील तर जोडू नका. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रंही याच चौकटीत. त्यांचे नंबर, तारखा, आणि 'आम्ही बरोबर ड्युटीवर होतो' एवढं. दोघांची भाषा एकसारखी नसावी. एकाने टाइप केलेला मजकूर दुसऱ्याने सही करून दिला की तो कवडीमोल होतो.

रेकॉर्ड ऑफिसकडे मागायचं ते असं: त्या काळातले पार्ट टू ऑर्डर्स (जवानाच्या नोंदींचे युनिटचे आदेश) आणि मूव्हमेंट ऑर्डर, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, रिलीज मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६, आणि 'किरणोत्सार तपासणीची काही नोंद ठेवली गेली असल्यास तिची प्रत'. शेवटचं वाक्य असंच सौम्य ठेवा. माहितीच्या अधिकारात डीआरडीओला (संरक्षण संशोधन संस्थेला) अर्ज करण्यात अर्थ नाही, ती संस्था दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या बाहेर. चाचणीची माहिती मागितली तर देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(अ) पुढे येईल. माणसाची स्वतःची नोंद मागितली तर ते कलम आणणं अवघड जातं.

आता पेन्शन. ते २००३ला निवृत्त, म्हणून त्यांना १९८२चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे आजार सेवेमुळे मानायचा का हे ठरवणारे नियम लागू. २००८चे किंवा २०२३चे नाहीत. वकील लोक धरमवीर सिंग निकाल, २०१३चा, पुढे करतील. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतला मानावा, हे त्याचं सूत्र. पण तो निकाल आजारामुळे सेवेतून बाहेर काढलेल्या जवानाचा आहे. इथे २००३ला आजार नव्हता, म्हणून तो सरळ लागत नाही.

आपल्याला लागते ती निवृत्तीनंतर उद्भवलेल्या आजाराची तरतूद: सेवेतल्या परिस्थितीने सुरू झालेल्या प्रक्रियेचं उशिरा दिसलेलं रूप, असं वैद्यकीय मत मिळालं तर आजार सेवेशी जोडता येतो. तिला वर्षांची मर्यादा आहे आणि २००३ ते २०२१ ही १८ वर्षं तिच्या बाहेर जातात. कर्करोगाच्या बाबतीत ही मर्यादाच अन्यायाची आहे, कारण किरणांमुळे होणाऱ्या बऱ्याच कर्करोगांना दहा, वीस, तीस वर्षं लागतात. दावा कमजोर आहे हे घरच्यांना आधी सांगा. तरी टाका, कारण फेटाळणारा लेखी आदेश हातात असल्याशिवाय अपील नाही, आणि अपिलाशिवाय मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येत नाही.

मिलिसिव्हर्ट

तारखेच्या मुद्द्यावर एक मदत होऊ शकते. मायलोमा अचानक येत नाही. त्याच्या आधी बहुतेक सगळ्या रुग्णांत एमगस नावाची अवस्था अनेक वर्षं असते: रक्तात असामान्य प्रथिन, त्रास काही नाही. म्हणून २००३नंतरचे जुने रक्ताचे अहवाल शोधा. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची किंवा बँकेची नोकरी केली असेल तर भरतीच्या वेळची तपासणी, कुठल्याशा ऑपरेशनआधीची, विम्याची, आरोग्य शिबिरातली. त्यात ईएसआर कारण नसताना वाढलेला, एकूण प्रथिनं किंवा ग्लोब्युलिन जास्त आणि अल्ब्युमिन ठीक, हिमोग्लोबिन हळूहळू उतरत गेलेलं, असं दिसलं तर तो कागद रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा आणि लेखी मत मागा. त्याने निदानाची तारीख बदलत नाही, पण सुरुवातीची तारीख मागे नेता येते, आणि तरतुदीत शब्द 'उद्भवला' असा आहे. मत देताना डॉक्टरांनी 'किरणांमुळेच' असं लिहिण्याचा आग्रह धरू नका. 'किरणोत्सार हे या आजाराचं संभाव्य कारण मानलं जातं, रुग्णाच्या इतिहासात अशा जागी ड्युटी आहे' इतकं प्रामाणिक वाक्य मेडिकल बोर्डासमोर जास्त टिकतं.

उपचारांचा दाव्याशी काही संबंध नाही. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) आजार कशामुळे झाला हे विचारत नाहीत. देवळालीच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल चालू ठेवा, आणि प्रत्येक बोन मॅरो अहवालाची व डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घरी ठेवा. मूळ प्रत बोर्डाला देऊ नका.

पलटण_इतिहास

मान्यतेच्या मागणीचा मसुदा करणार असाल तर तो पेन्शनच्या अर्जापासून वेगळा ठेवा. त्यात कॅनडाचा नमुना धरा असं माझं मत: आजार सिद्ध करायची अट नाही, हजेरी पुरे. १९७४ आणि १९९८ला पोखरणवर खोदकाम, पहारा आणि आवराआवर करणाऱ्या तुकड्यांची नोंद, हजर असलेल्याला प्रमाणपत्र, आणि त्यांच्या पुढच्या आजारांची नोंदवही. १९४६-४७च्या जपान ब्रिगेडला त्यात वेगळा परिच्छेद द्या. शास्त्रज्ञांचा सन्मान देशाने जाहीरपणे केला. फावडं आणि ड्रिल धरणाऱ्या जवानाचं नाव निदान एका सरकारी कागदावर असावं, इतकी ही साधी मागणी आहे, आणि ती करताना कुणावर गळती लपवल्याचा आरोप करायची गरज नाही. नाशिक रोडहून एकच अर्ज गेला तर ते नुसतं एक पत्र ठरेल. खडकी, बेळगाव, सातारा, कोल्हापूरकडच्या संघटना जोडल्या तर खासदारांना प्रश्न विचारायला आधार मिळेल.

जुना_हेडक्लार्क

निफाडच्या आजींचं एक काम मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान आहे, आणि ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. त्याला जपान लागत नाही, हिरोशिमाही लागत नाही. महायुद्धाच्या काळातली सेवा आणि डिस्चार्जचा पुरावा पुरतो. घरात डिस्चार्जचा कागद नसेल तर लाँग रोलचा उतारा इथेही कामाला येतो, म्हणून बेळगावच्या अर्जात उताऱ्याच्या दोन साक्षांकित प्रती मागा. आजींचं नाव आधारवर एक, मतदार यादीत दुसरं आणि वारस दाखल्यावर तिसरं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. अशा अर्जांत सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.